हात तिरका केला की गाडी वळते

तो खेळाचा डबा आमच्या घरी आला, तो नवऱ्याच्या एका मित्राची बदली झाली म्हणून. मित्राची मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली, नव्या गावी सामान कमीत कमी न्यायचं होतं. टीव्हीला जोडायचा डबा, वायरींचा गुंता आणि हाताच्या पंजात मावतील असे दोन रिमोट, सगळं एका कापडी पिशवीत घालून त्यानं नवऱ्याच्या हातात दिलं. माझी लेक तेव्हा आठवीत होती. तिनं पिशवी उघडली, एक रिमोट हवेत हलवून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हे मोशनवालं आहे," ती म्हणाली. "यात बटनं दाबायची नसतात, नुसता हात हलवायचा. ज्यांना खेळता येत नाही त्यांच्यासाठी असतं."

पिशवी कपाटावर गेली. माझी बियाणे कंपनीच्या ऑफिसातली नोकरी, नवऱ्याची शाळा, लेकीचे क्लास, यात कुणाला तिची आठवणही राहिली नाही.

त्या हिवाळ्यात माझे वडील पडले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आमचं गाव राजूरच्या जवळ. राजूर ते जालना काळी-पिवळी जीप चालवण्यात अण्णांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. आमच्या घरात काठी सोडून स्टिअरिंग धरणारे अण्णा पहिले. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जी गर्दी लोटते ती त्यांनी वर्षानुवर्षं वाहिली. पुढे जीप जुनी झाली, विकली, अण्णा शेताकडं वळले. पण गावात कुणाचा पिकअप चिखलात रुतला, कुणाचं ट्रॅक्टर उतारावर अडलं, की बोलावणं अण्णांनाच. तेही हातातलं काम टाकून जायचे. मला वाटतं, त्या बोलावण्याची ते वाटच बघत असायचे.

गोठ्याजवळच्या हौदापाशी शेवाळावरून पाय घसरला आणि त्यांनी उजवा हात टेकला. मनगट मोडलं. प्लास्टर झालं, वेळेवर निघालंही, पण हात लाकडासारखा ताठ होऊन बसला. तळहात जमिनीकडं असेल तोवर ठीक. वर करायचा म्हटलं की अर्ध्यात अडायचा. ओंजळीत पाणी घेता येईना. डॉक्टरांनी व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या बाईंकडं पाठवलं आणि त्यांचा दवाखाना नवीन जालन्यात, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणून अण्णा आणि आई आमच्याकडं राहायला आले.

लेकीच्या घरी राहायचं अण्णांच्या जिवावर आलं होतं. रोज सकाळी विचारायचे, "अजून किती दिस म्हनल्या त्या बाई?" बाईंनी घरी करायचे व्यायाम दिले होते. रबरी चेंडू दाबायचा, छोटी काठी मुठीत उभी धरून डावीउजवीकडं कलवायची. अण्णा चेंडू हातात घेऊन बसायचे आणि दाबायचे मात्र नाहीत.

"मी काय लहान लेकरू हाये का, चेंडू खेळत बसायला?"

"लेकरू असते तर केलं असतं तुम्ही," आई म्हणायची.

ती काठी कलवण्याची हालचाल बघताना मला कपाटावरची पिशवी आठवली. त्यात मोटारींच्या शर्यतीचा खेळ आहे हे लेकीनं सांगितलं होतं. रिमोट आडवा, दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखा धरायचा आणि कलवायचा. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हलका रिमोट असेल आणि झटके देणार नसतील तर हरकत नाही. पण व्यायाम सोडायचा नाही." मला तर वाटलं, झालं काम. ज्यानं आयुष्यभर गाडी चालवली त्याला याहून सोपं काय असणार? बटनं शोधायला नकोत, काही शिकायला नको.

रविवारी दुपारी लेकीनं डबा जोडला. अण्णा गाडीचं नाव ऐकून खुर्ची पुढं ओढून बसले. टीव्हीवर डोंगरातला रस्ता, कडेला कुंपण, पुढं तीन-चार रंगीत गाड्या. लेकीनं रिमोट त्यांच्या हातात दिला.

"आजोबा, हात तिरका केला की गाडी वळते. थांबायचं असेल तर हे बटन."

गाडी सुटली. पहिलं वळण आलं, अण्णांनी रिमोट कलवला, गाडी वळली. आणि मग त्यांनी हात सैल सोडला. ड्रायव्हर लोक सोडतात तसा. वळण झालं की स्टिअरिंग आपोआप तळहातातून सरकत सरळ होतं. रिमोट मात्र सरळ होत नाही. तो जसा तिरका होता तसाच त्यांच्या हातात राहिला आणि गाडी वळत वळत कुंपणात घुसली. पुन्हा सुरू केलं. आता चढ आला. अण्णांचा डावा हात रिमोट सोडून खाली गेला, गिअरच्या दांड्याकडं. एका हातातला रिमोट कलंडला, गाडी पुन्हा कुंपणात. तिसऱ्यांदा पुढची गाडी आडवी आली तेव्हा त्यांचा उजवा पाय सतरंजीवर जोरात दाबला गेला. ब्रेकचं बटन त्यांच्या लक्षातही आलं नाही.

लेक हसायला लागली. मी तिला डोळ्यांनी दटावलं.

"याला वजनच न्हाई," अण्णा म्हणाले. "हाताला रस्ता कळूनच न्हाई राह्यला."

आई खाली बसून मेथी निवडत होती. लेकीनं वातावरण हलकं करायला दुसरा रिमोट तिच्यापुढं धरला. "आजी, तू बघ."

आईनं पदराला हात पुसले. तिनं आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. टीव्हीचा रिमोटही ती दुसऱ्याकडं देते, चॅनल लावून मागते.

"काय करायचं यात?"

"हात तिरका करायचा."

"आन् मंग?"

"मग काही नाही."

आई निघाली. वळण आलं की ती रिमोटसकट सगळीच कलायची, खांदा, मान, कमरेपासून वरचं सगळं अंग. वळण संपलं की पुन्हा सरळ बसायची. पुढं जायची घाई नव्हती. दुसऱ्या गाड्या भरकन निघून जायच्या, ती म्हणायची, "जा बाबा, जा तू." असं करत तिनं शर्यत पुरी केली. नंबर मधलाच आला, पण एकदाही कुंपणाला धडकली नाही. दुसऱ्या शर्यतीत लेकीनं दोघांना एकदम खेळायला लावलं. टीव्हीचे दोन भाग झाले, वर अण्णा, खाली आई. अण्णा शेवटचे आले.

अण्णांनी रिमोट खुर्चीवर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रस्त्यावरच्या रिक्षा बघत बराच वेळ तिथंच होते. चहा झाला म्हणून हाक मारली तर "आलो" म्हणाले आणि आले नाहीत. आईनं कप गॅलरीत नेऊन दिला. मला वाईट वाटलं, कारण ही कल्पना माझी होती. गाडीशिवाय ज्या माणसाला दुसरी ओळख नव्हती त्याला मी भरल्या घरात गाडीवरूनच खाली पाडलं होतं.

पुढचे काही दिवस अण्णा टीव्हीच्या खोलीतही बसेनात. आई मात्र संध्याकाळी लेक क्लासहून आली की तिच्यासोबत खेळायची. मीही एकदा करून पाहिलं. मला खरी गाडी चालवता येते, चार वर्षांपासून मी ऑफिसला गाडीनं जाते. मीही कुंपणात गेले, अण्णांइतक्या वेळा नाही, पण गेले. लेक स्वतःही त्या रिमोटवर नीट खेळू शकत नव्हती. तिला अंगठ्यांची सवय. "यात नेम बसत नाही," ती कुरकुरायची. "हात जरा हलला तरी गाडी हलते. बटन कसं, दाबलं की दाबलं, सोडलं की सुटलं." तिनं मोशन बंद करून रिमोटवरच्या अंगठ्याच्या छोट्या दांडीनं खेळायला सुरुवात केली आणि लगेच पहिली यायला लागली.

म्हणजे जो प्रकार सगळ्यात सोपा म्हणून काढला होता तो आमच्या घरात फक्त आईला सोपा गेला. बाकी तिघांच्या हातांना आधीपासून काहीतरी येत होतं आणि ते मधे मधे येत होतं. हे मला ऑफिसात बसल्या बसल्या सुचलं, पण त्याचा अण्णांना काही उपयोग नव्हता.

एका दुपारी मी लवकर घरी आले तर आतून गाडीचा आवाज येत होता. अण्णा आणि लेक टीव्हीपुढं बसलेले. अण्णांच्या हातात रिमोट, पण कलवत नव्हते. अंगठ्यानं ती छोटी दांडी हलवत होते. गाडी रस्त्यावर होती.

मला बघून जरा चपापले. मग म्हणाले, "हे बराबर हाये. हे गाडीचं सोंग करून न्हाई राह्यलं."

"म्हणजे?"

"त्याला म्या गाडी समजलो तर माझे हात गाडीवानी वागून राह्यले. हे गाडीच न्हाई, दांडी हाये. दांडी काय, नवी शिकून घेऊ."

लेकीनं मला नंतर सांगितलं, की त्यांनीच तिला दारापाशी गाठून विचारलं होतं, "तू कसं खेळतीस? ते मला दाखव. तुझ्या आजीला सांगू नको." तीन-चार दुपारी, लेक शाळेतून आल्यावर आणि आई आत झोपलेली असताना, त्यांचं हे शिक्षण चालू होतं. आता ते आईच्या पुढं निघून जात होते. आईला ही अंगठ्याची युक्ती कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चांगलं झालं."

चांगलं झालं नव्हतं. आठवड्यानं बाईंनी मनगट तपासलं आणि विचारलं, "काका, व्यायाम बंद केला का?"

"रोज करून राह्यलो की. गाडी चालवून राह्यलो."

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "अंगठ्याला काही झालंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मनगट फिरायला पाहिजे. जे जड जातं तेच करायचंय."

घरी आल्यावर मार्ग आईनं काढला, आणि तोही अगदी सहज.

"गाडीचं नका खेळू," ती म्हणाली. "ते बाटल्या पाडायचं हाये ना, ते खेळा. ते तर तुम्ही बी कधी केलं न्हाई आन् म्या बी न्हाई."

त्या डब्यात बोलिंगचा खेळ होता. हात मागं न्यायचा, खालून पुढं आणायचा आणि गोळा सोडायचा. गोळा घरंगळत जाऊन बाटल्या पाडतो. गोळा सोडताना तळहात वर यावा लागतो. नेमकी तीच हालचाल अण्णांना जमत नव्हती. आम्ही बाईंना विचारलं, त्यांनी हळू टाकायच्या बोलीवर परवानगी दिली.

इथं अण्णांना काही आठवायचं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांचे गोळे कडेच्या नालीत गेले, आईचेही गेले. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही थोड्या बाटल्या पडल्या. मग ठरूनच गेलं, संध्याकाळचा चहा झाला की सामना. आई पदर खोचून उभी राहायची, दोन पावलं पुढं यायची आणि अख्खा हात फिरवून गोळा सोडायची, जणू खरंच हातात काही जड आहे. एकदा तिचा हात फ्रीजवर आपटला, म्हणून आम्ही मधलं टेबल हलवून तिला जागा करून दिली.

अण्णांचं डोकं वेगळं चाललं. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की उठायचीसुद्धा गरज नाही. खुर्चीत बसून हात मांडीजवळ ठेवून नुसता छोटा हिसका दिला तरी टीव्हीतला माणूस पूर्ण हात फिरवतो. ते बसून खेळायला लागले आणि जिंकायला लागले.

आईनं दोन-तीन दिवस सहन केलं. मग एका संध्याकाळी तिनं रिमोट खाली ठेवला.

"तुम्ही बसल्या बसल्या टाकून राह्यले. याला खेळणं म्हनतेत का?"

"टीव्हीला काय कळतंय, मी उभा हाये का बसलेला?"

"टीव्हीला न्हाई कळत. मला तर दिसून राह्यलं ना."

अण्णा हसले. दवाखाना, प्लास्टर, लेकीच्या घरी राहणं, या सगळ्यात ते असे मोकळे हसलेले मी पहिल्यांदा बघितले. ते उठले, धोतराचा सोगा आवरला आणि आईच्या शेजारी उभे राहून हात पूर्ण मागं नेला. "आई गं" म्हणून ओरडले, पण गोळा सोडला. त्या दिवसापासून ते उभ्यानंच खेळले आणि बरेचदा हरले.

हात एकदम काही सुटला नाही. पण काठीही फिरायला लागली, चेंडूही दाबला जायला लागला. बाटल्या पडण्यानं झालं की काठीनं झालं, हे कुणी सांगू शकणार नाही. बाई म्हणायच्या, दोन्हीनं. उन्हं तापायला लागली तेव्हा त्यांनी गावी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. अण्णांनी त्याच दिवशी पिशवी भरली.

नवऱ्याला शाळा होती म्हणून मीच त्यांना गाडीनं सोडायला निघाले. लेकही सोबत आली. गावाच्या अलीकडं मुख्य रस्ता सोडून आमच्या शेताकडं वाट जाते. अण्णा म्हणाले, आधी वावर बघून घेऊ. हरभरा निघून गेलेला, वावर मोकळं पडलेलं. बांधाजवळ मी गाडी थांबवली. सगळे उतरलो, अण्णांनी चक्कर मारली, आई बाभळीखाली उभी होती. परत निघायची वेळ झाली तेव्हा ती गाडीच्या उजव्या दाराशी येऊन थांबली.

"मला एकदा धरू द्या," ती म्हणाली.

"काय धरू द्या?" अण्णांनी विचारलं.

"गाडी."

मला आधी वाटलं ती गंमत करते आहे. मग तिचं तोंड बघितलं. एवढी वर्षं घरात जीप होती, पण आई तिच्या पुढच्या सीटवर कधी बसली नाही. पुढची सीट गिऱ्हाइकाची. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, ती मागं बायकांच्या गर्दीत मांडीवर मला घेऊन बसायची. ड्रायव्हरचे हात तिला मागून, माणसांच्या खांद्यांमधून जेवढे दिसत तेवढेच.

अण्णांनी वावराकडं बघितलं. चहूकडं मोकळं होतं. "बस," ते म्हणाले आणि स्वतः डाव्या बाजूला जाऊन बसले. मी आणि लेक मागं.

आईनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि ते उचलायलाच लागली.

"अगं, उचलू नको. ते तिथंच राहतं."

"तिकडं तर उचलूनच धरायचं होतं."

"ते इसर आता. पाय बघ. हा क्लच, हा ब्रेक, हा रेस."

"तिकडं पाय नव्हतेच," आई म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा भीती होती.

मला वाटलं होतं अण्णा चिडतील. रस्त्यावर ते चिडायचे, समोरच्याला, मागच्याला, गिऱ्हाइकाला. इथं त्यांचा आवाज चढला नाही. "हळू सोड पाय. घाई न्हाई. बंद पडली तर पुन्हा लावू." गाडी बंद पडली. पुन्हा लावली. पुन्हा बंद पडली. मग एका हिसक्यानं पुढं निघाली आणि ढेकळांवरून डुलत चालली. पुढचं चाक एका सरीत उतरलं तसं स्टिअरिंगनं आईच्या हाताला झटका दिला.

"हे तर वढून राह्यलंय मला!" ती ओरडली.

"तेच!" अण्णा म्हणाले. "तेच तर म्या म्हनत होतो. हे त्या टीव्हीत न्हाई."

आई वळायला म्हणून अंगानं कलली, पण स्टिअरिंग फिरवायचं राहिलं. समोर बांध आला. लेकीनं माझा दंड घट्ट धरला. आईला ब्रेक सापडेना. अण्णांनी दोघांच्या मधला हँडब्रेक खसकन वर ओढला, उजव्या हातानं, आणि गाडी बांधाच्या अलीकडं धक्का खाऊन बंद पडली. धूळ पुढं निघून गेली.

अण्णा मनगट डाव्या हातात धरून बसले होते.

"दुखलं का?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई," म्हणाले, पण धरलेलं सोडलं नाही.

आईनं कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं आता उतरेल. ती म्हणाली, "पुन्हा लावा." अण्णांनी मनगट झटकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. या वेळी तिनं वळवली. बाभळीला लांबून फेरी घालून गाडी पहिल्या जागी आणली आणि ब्रेक स्वतः दाबला.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गावी गेले तेव्हा वावर मोकळं असेल तर आई एखादी फेरी मारायची. शेतवाटेवर दुसऱ्या गिअरपर्यंत तिची मजल गेली. मुख्य रस्त्यावर तिनं कधी नेली नाही, लायसन काढू म्हटलं तर नको म्हणाली. अण्णांचं मनगट आता चालतं. थंडीत ठणकतं, आणि ट्रॅक्टर काढायला बोलावलं तर जातात, पण सोबत कुणालातरी घेऊन.

मध्यंतरी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, सासूबाईंचे गुडघे धरलेत, दिवसभर बसून असतात, त्यांच्यासाठी तो हात हलवायचा खेळ घ्यावा का, तो सोपा असतो म्हणतात. मी तिला हे सगळं सांगायला लागले. कुणाला सोपा गेला, कुणाला नाही, कशात सोपा गेला. ती घड्याळ बघत म्हणाली, "म्हणजे घेऊ की नको?"

मी म्हटलं, रविवारी त्यांना घेऊन आमच्याकडं ये, डबा आहेच. त्या आल्या. आम्ही रिमोट त्यांच्या हातात दिला, त्यांनी दोनदा गोळा सोडला, एकदा चार बाटल्या पडल्या. मग रिमोट सुनेकडं दिला, सोफ्यावर मागं टेकून बसल्या आणि संध्याकाळ होईपर्यंत आमचा दोघींचा खेळ बघत, कोण चुकलं ते मोठ्यानं सांगत राहिल्या.